पाचवी डावी

कुनिओनं उजवा हात खांद्याच्या वर नेला की आतून सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज येतो.

०

मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर, बर्फाच्या यंत्राशेजारी, जुनी पाटी. शाई उडालेली, पण वाचता येते: ज्या घराचं वल्हं नावेत, त्या घराची टोपली खडकावर. वल्हं नसेल त्यानं काठावरून पाहावं.

०

लाल शेवाळ चारदा गोड्या पाण्यात धुवून चारदा उन्हात वाळवलं की पांढरं होतं. मग ते उकळून गाळायचं. थंड झालं की त्याची जेली धरते. शहरातली माणसं ती उन्हाळ्यात गार करून, व्हिनेगर टाकून खातात आणि समुद्राची चव आली म्हणतात.

०

गरम पाण्यातले मासे पूर्वी ऑक्टोबर संपता संपता दक्षिणेला निघून जायचे. आता जात नाहीत. इथंच राहतात आणि शेवाळ खातात.

०

पाच वाड्या, पाच नावा, पाच खडक. जुलैच्या शेवटच्या रविवारी शर्यत. जी नाव पहिली तिनं पहिला खडक निवडायचा, दुसरीनं दुसरा, असं. यंदा पाचांतले दोन खडक हजामत केल्यासारखे पांढरे पडलेत.

०

विद्यापीठातून आलेली बाई पहिल्याच दिवशी नावेत ओकली. ओकून झाल्यावर तोंड पुसून म्हणाली, “माफ करा. चला, सुरू करू या.” तेव्हापासून वाडीनं तिला आपलं मानलं.

०

ठण्ण!

“पाचवी डावी!”

०

जुलै लागला तेव्हा इसोनो वाडीच्या नावेत चौदा वल्हेकरी होते. त्यांत सहा बायका, आणि चौदाही जणांत सगळ्यांत वाईट मिसाओ. हे तिला कुणी बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण नावेच्या मध्यावर ढोल आणि काशाची थाळी घेऊन बसत तिचे सासरे, गेंझो. वय बहात्तर, मानेवर मिठानं पडलेल्या चिरा, आवाज बंदराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. ढोल सगळ्यांसाठी. थाळी चुकणाऱ्यासाठी.

बंदराच्या तिन्ही बाजूंना डोंगर. थाळी एकदा वाजली की तीनदा ऐकू यायची. वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत रताळ्याचे वेल उलटणाऱ्या म्हाताऱ्या मानही वर न करता म्हणायच्या, “मिसाओ.”

तिच्या मागे सहाव्या जागेवर तोकुजी बसायचा. ट्रॉलरवर तीस वर्षं काढलेला, मानेपेक्षा डोकं बारीक असलेला माणूस. मिसाओचं वल्हं उशिरा निघालं की पाण्याचा फवारा थेट त्याच्या तोंडावर.

“मिसाओ, माझी सकाळीच आंघोळ झालीय गं.”

“चुकलं हो.”

“चुकू दे. पण साबण तरी आण.”

सगळे हसले. मिसाओही हसली. हसल्यामुळे पुढचा ठोका चुकला.

ठण्ण!

“बाबा,” तिनं मान वळवून विचारलं, “उशीर झाला तो कुठं? वल्हं आत जाताना की बाहेर येताना?”

“पुढं बघ.”

“पण कुठं ते सांगा ना.”

“मी ढोल वाजवू की तुझ्या वल्ह्याची पत्रिका मांडत बसू? उशीर म्हणजे उशीर!”

ही जागा खरं तर तिच्या नवऱ्याची, कुनिओची. सतरा वर्षं तो पाचव्या डाव्या जागेवर बसला. फेब्रुवारीत जाळं ओढताना दोर चाकात अडकला, दोरासोबत हात गेला आणि खांद्याच्या आतलं काहीतरी फाटलं. ऑक्टोबरपर्यंत हात वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात वल्हं धरू शकणारे हात उरले दोनच, आणि ते मिसाओचे. वल्हं नाही तर खडक नाही. उन्हाळाभराचं शेवाळ हातचं गेलं तर हे घर हिवाळ्यात काय करणार, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. कुनिओ जाळ्यावर जाऊ शकत नव्हता. रताळी फक्त पोटापुरती होत.

०

छोटी मासळी उकळायची खोपटी घरामागेच होती. पहाटे टोपल्या उतरल्या की मिसाओ कढईखाली जाळ घालायची. खारं पाणी खळखळलं की चाळणीवर पसरलेली मासळी त्यात बुडवायची, डोळे पांढरे झाले की काढायची, बाहेर बांबूच्या तट्ट्यावर टाकायची. वाफेनं तिच्या भुवया गळायला आल्या होत्या. कुनिओ डाव्या हातानं मासळी पसरायचा. एका हातानं पसरताना ती सगळी एका कोपऱ्यात गोळा व्हायची.

“अहो, ही मासळी आहे की सभा भरलीय?”

“जरा गप्पा मारू दे त्यांना. शेवटच्या आहेत.”

जेवताना गेंझोंनी मिसोच्या कढणाचा वाडगा खाली ठेवला. त्यांनी वाडगा अर्धा भरलेला ठेवला की काहीतरी वाईट बातमी असायची.

“तोकुजी म्हणतोय, त्याचा मेहुणा येतोय. शिगेकी. वीस तारखेला.”

“येऊ दे की,” कुनिओ म्हणाला.

“तो वल्हं मारतो.”

मुळ्याचं लोणचं कुनिओच्या दाताखाली कुरकुरलं.

“शिगेकी बसला तर जागा तोकुजीच्या घराची,” गेंझो म्हणाले. “दोन वल्ही, दोन टोपल्या.”

“आणि आपली?”

“आपली काठावरून.”

“बाबा, तुम्ही ढोलावर आहात. ठरवणारे तुम्हीच.”

“म्हणूनच मी ठरवणार नाही. डोळे बांधून ठरेल. एकवीसला.” त्यांनी वाडगा पुन्हा उचलला. “सून आहे म्हणून नावेत बसवली, असं उद्या कुणी म्हणायला नको. नाव चौदा घरांची आहे.”

मिसाओनं त्यांच्या वाडग्यात आणखी कढण वाढलं. मनात आलं ते तिनं डावासोबत हंड्यात बुडवलं.

डोळे बांधून म्हणजे काय ते वाडीत पोरासोरांनाही ठाऊक. जागेवरून भांडण झालं की ढोलवाल्याच्या डोळ्यांवर ओला टॉवेल बांधायचा. एका फेरीला एक भांडणारा बसतो, दुसऱ्या फेरीला दुसरा. आधी कोण ते चिठ्ठी काढून ठरतं. नावेतलं कुणी एक शब्द बोलत नाही. ढोलवाला दोन्ही फेऱ्या वाजवतो आणि सांगतो, पहिली की दुसरी. एवढंच. त्यावर अपील नाही.

०

विद्यापीठातल्या बाईचं नाव हातेए. तिशीची, बारीक, उन्हानं नाक सोललेली. तिच्याजवळ जेवणाच्या डब्याएवढी पिवळी पेटी होती. ही पेटी घेऊन ती आधी चारही वाड्यांत जाऊन आली होती. चौघांनी तिला बार्लीचा चहा पाजून परत पाठवलं. इसोनो सलग चार वर्षं शेवटची आली होती. आणखी खाली जायला जागाच नव्हती, म्हणून इसोनोनं हो म्हटलं.

“ही पेटी नावेचा वेग ऐकते,” हातेए म्हणाली. “नाव जोरात गेली की सूर चढतो. अडली की उतरतो. बस, एवढंच. कोण चुकलं ते ही सांगणार नाही. नाव काय करतेय तेवढं सांगेल.”

“मग काय उपयोग?” गेंझो म्हणाले. “कोण चुकलं ते थाळी सांगते.”

“थाळी चूक झाल्यावर सांगते, गेंझो-सान. ही होत असताना सांगते.”

“नावेत एकच आवाज असतो, बाई. ढोलाचा.”

“ढोल सांगतो काय करायचं. पेटी सांगते काय झालं.”

“माझी बायको हयात होती तोवर हे काम ती करायची,” गेंझो म्हणाले, आणि पेटी लावू दिली.

पेटी नाकाडावर बसवली, भोंगा मध्यावर. नाव निघाली. ऊऊऊऊ... सूर चढला. वल्ही पाण्याबाहेर आली, सूर उतरला. पुन्हा पाण्यात, पुन्हा चढला. ऊऊउउ, ऊऊउउ. बंदरातली मांजरं पळाली.

आणि मग इसोनोच्या पुरुषांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याच माणसांनी केलं नसतं. ते सगळे इंजिनावर वाढलेले. इंजिनाचा सूर उतरला म्हणजे आता ते बंद पडणार, आणि बंद पडलं म्हणजे लाट तुम्हाला खडकावर नेणार, हे त्यांच्या हाडांत बसलेलं. सूर उतरला रे उतरला की आठही पुरुषांचे खांदे आपोआप पुढं झेपावायचे. वल्ही हवेत पुरती जाण्याआधीच पाण्यात आपटायची. सूर अजून उतरायचा. मग ते अजून घाई करायचे. गेंझोंचा ढोल एकीकडे, आठ पुरुष दुसरीकडे, सहा बायका ढोलाबरोबर, आणि नाव खेकड्यासारखी आडवी.

“उतरू द्या!” हातेए ओरडत होती. “उतरणारच तो! वल्ही वर आहेत ना!”

“बंद पडेल!” तोकुजी ओरडला.

“काय बंद पडेल? इंजिन आहे कुठं?”

तोकुजीनं वाकून पाहिलं. खरंच नव्हतं.

ताकेउरा वाडीची नाव शेजारून गेली. त्यांचा ढोलवाला हात हलवत म्हणाला, “काय रे, आज नावेला बाळ झालं का? रडतंय कोण?”

गेंझोंनी तोंड फिरवलं. त्यांना त्या पेटीचा राग वेगळ्याच कारणानं होता. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांच्या कानांनी वरचे सूर टाकून दिले होते. नाव चांगली गेली की पेटी त्यांच्यासाठी मुकी व्हायची. वाईट गेली की ऐकू यायची. “तुमची पेटी नुसत्या शिव्या देते,” ते म्हणाले. हातेएनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, कुणालाही कारण न सांगता, सगळा सूर खाली आणून ठेवला. त्या सकाळी गेंझो दोनशे वल्ह्यांत एकदाही थाळीला शिवले नाहीत. ते ऐकत होते.

०

मिसाओनं आयुष्यात इंजिन चालवलं नव्हतं. तिच्याकडे लहान होडी होती, मागच्या टोकाला एकच लांब वल्हं. तीत उभं राहून ते डावीउजवीकडे हलवत वीस वर्षं ती ऑक्टोपस पकडायला बुडवलेल्या मडक्यांमागे हिंडली होती. म्हणून सूर उतरला की तिला भीती वाटत नव्हती. तिला त्यात श्वास ऐकू यायचा. आत, बाहेर.

पण त्या श्वासात एक उचकी होती.

ऊऊऊउउ... आणि उतरता उतरता एक छोटी ठेच, उक्. मग पुढचा ऊऊऊ. चौथ्या दिवशी तिला ती पहिल्यांदा ऐकू आली. पाचव्या दिवशी तिनं मुद्दाम एक वल्हं पाण्यातून लवकर काढलं. उचकी गेली. पुढचं नेहमीसारखं काढलं. उक्.

म्हणजे ती मीच.

वल्हं आत घालताना ती वेळेवर होती. काढताना नव्हती. मागच्या वल्ह्याच्या होडीत पातं पाण्याबाहेर काढायचंच नसतं, ते आतच फिरतं. वीस वर्षं तिच्या हातांनी पाणी सोडलंच नव्हतं. आता चौदा वल्ह्यांतली तेरा वर गेल्यावर तिचं एक, अर्ध्या श्वासापुरतं, पाण्यात लटकायचं आणि नावेला मागं धरायचं. पन्नास थाळ्यांनी जे सांगितलं नाही ते एका उचकीनं सांगितलं.

“बाई,” किनाऱ्याला लागल्यावर तिनं हातेएला गाठलं, “ती उचकी माझी आहे.”

“कुठली?”

“सूर उतरताना लागते ती ठेच.”

हातेएनं कानाला यंत्र लावून पेटीतली नोंद पुन्हा पुन्हा ऐकली. मग पाहिलं मिसाओकडे. “मला ती ऐकू आली होती. मला वाटलं पेटीचा दोष.”

“पेटीचा नाही. कुनिओच्या बायकोचा.”

०

कळणं वेगळं, हाताला कळणं वेगळं. नाव दिवसातून एकदाच निघायची. उरलेला दिवस मिसाओचे हात जुनं तेच करत राहायचे. शेतात वेल उलटताना, कढईत चाळणी बुडवताना ती मनात म्हणायची, सोड, सोड, आणि चाळणी जरा जास्तच आत राहून मासळी फुटायची.

उपाय कुनिओनं काढला. रिकाम्या माणसाला उपाय सुचतातच.

धक्क्याच्या पायऱ्यांवर, शेवटच्या पायरीला पाणी लागतं तिथं, मिसाओ वल्हं घेऊन बसायची. तिच्यासमोर दगडावर कुनिओ, एक हात गळ्यात बांधलेला. ती वल्हं मारायची आणि तो पेटी व्हायचा.

“ऊऊऊऊऊ...”

“अहो, हळू. लोक बघताहेत.”

“पेटी लाजत नाही. मार. ऊऊऊउउ, उक्!”

“आत्ता उशीर झाला?”

“झाला म्हणून तर उक् केलं. पोटात दुखतंय म्हणून नाही.”

तिसऱ्या संध्याकाळी धक्क्यावर दहा माणसं जमली. कुणी बिअर आणली, कुणी उकडलेल्या शेंगा. तोकुजीची बायको म्हणाली, “आमच्या ह्यांनी तीस वर्षांत माझ्यासाठी एवढा सूर लावला नाही.” शर्यतीला आठवडा राहिला असताना कुनिओचा घसा बसला, आणि मग तो नुसतं तोंड उघडून भुवया वरखाली करायचा. मिसाओला तेवढंही पुरायला लागलं होतं.

गेंझो धक्क्यावर कधी आले नाहीत. एकदा ते वरून, सोसायटीच्या खिडकीतून पाहताना दिसले. तिनं वर पाहिलं तशी खिडकी बंद झाली.

०

मग हातेएनं एक विचित्र गोष्ट केली. वाडी त्या सुराला पुरती सरावली होती. पुरुषांनी इंजिन विसरायला दहा दिवस घेतले, पण विसरले. उतरला तर उतरू द्यायला शिकले. नाव आता सरळ जात होती. आणि नेमकं तेव्हा हातेएनं भोंगा बंद केला.

“आजपासून तीन फेऱ्यांत एकदाच आवाज. सोमवारपासून पाचांत एकदा. शेवटी शून्य.”

“हे म्हणजे ताप उतरायला लागला आणि डॉक्टर पळाला,” तोकुजी म्हणाला.

“शर्यतीत पेटी चालत नाही, तोकुजी-सान. सूर रोज मिळाला तर तुम्ही सुरावर वल्हं माराल. मला तुम्ही नावेवर वल्हं मारायला हवंय.”

“नाव कुठं बोलते?”

“बोलते. पेटी फक्त जोरात बोलते.”

पहिली मुकी फेरी भयंकर झाली. सगळे कान टवकारून भोंग्याकडे, हात वाऱ्यावर. गेंझोंची थाळी परत बोलायला लागली. पण पाचवी डावी नाही, तिसरी उजवी, सातवी उजवी, आणि एकदा “सहावी डावी!” तोकुजीनं दचकून मागं पाहिलं, जणू त्याच्या जागेवर दुसराच कुणी बसलाय.

“आज साबण लागेल का?” मिसाओनं समोर पाहतच विचारलं.

मुक्या फेऱ्यांत तिनं दुसरं काहीतरी शोधलं होतं. तिच्या गुडघ्याला लागून नावेची फळी होती. नाव धावली की फळीखालून पाणी बारीक उकळल्यासारखं बुडबुडत जायचं. वल्ही वर असताना ते बुडबुडणं मंद व्हायचं, पण तुटायचं नाही. ती पाण्यात लटकली की तुटायचं. पेटी नसताही ते होतंच. आयुष्यभर होतं. तिनं कधी ऐकलं नव्हतं, एवढंच.

०

शिगेकी वीस तारखेच्या बोटीनं आला. खांदे कपाटाएवढे, स्वभाव पाहुण्यासारखा गोड. येताना सगळ्यांसाठी गोड बीनच्या वड्या घेऊन आला. मिसाओला वाकून नमस्कार करून म्हणाला, “माफ करा हं. मेहुण्यांनी बोलावलं म्हणून आलो.”

“तुम्ही कशाला माफी मागता? आला आहात तर जोरात मारा,” ती म्हणाली. घरी जाऊन मात्र तिनं त्याच्या वड्या खाल्ल्या नाहीत. कुनिओनं दोघांच्या खाल्ल्या.

एकवीसला सकाळपासून ढग, वारा पडलेला, पाणी तेल ओतल्यासारखं. धक्क्यावर सगळी वाडी. तोकुजीनं चिठ्ठी काढली, उलगडून वाचली आणि फक्त मान हलवली. गेंझो ढोलापाशी बसले होते, तोंडावर ओला टॉवेल तीन वेढे. वेढ्यांखालून नाकाचं टोक दिसत होतं.

पहिला शिगेकी. तो पाचव्या डाव्या जागेवर बसला तेव्हा नाव डावीकडे झुकली. धक्क्यावर कुनिओ आणि मिसाओ शेजारी शेजारी.

ढम. ढम. ढम.

काय ताकद होती त्या माणसाची. त्याच्या प्रत्येक वल्ह्याला नावेचं नाकाड वर उचललं जायचं. लाल तरंगत्या पिंपाला वळसा, परत. नाव येताना पाणी फाटत होतं.

“जोरात आहे,” मिसाओ म्हणाली.

कुनिओ डोळे मिटून, बसलेल्या घशानं, ओठातल्या ओठात गुणगुणत होता. ऊऊऊ... उक्. ऊऊऊ... उक्. नाकाड उचललं जाई आणि धपकन खाली बसे. “जोरात आहे,” तो म्हणाला, “पण उड्या मारतेय.”

दुसरी फेरी. शिगेकी उतरला, मिसाओ चढली. गेंझोंना कळू नये म्हणून दोघंही अनवाणी, दोघांनाही दोघांनी धरून उतरवलं-चढवलं. तोकुजीच्या पुढ्यात ती बसली. सूर नव्हता, थाळी नव्हती. समोर चौथ्याची पाठ, तिच्यावर घामाचा नकाशा.

ढम.

तिनं ताकदीचा विचार केला नाही. शिगेकीइतकी ताकद तिच्यात दोन जन्मांत येणार नव्हती. तिनं गुडघा फळीला लावला आणि ऐकलं. घाल. ओढ. सोड. बुडबुडणं चालू. घाल. ओढ. सोड. पिंपाच्या वळणावर एकदा हात जुन्या सवयीनं लटकायला गेला. फळी क्षणभर मुकी झाली. पुढच्या वल्ह्याला तिनं पाणी आधीच सोडून दिलं, जणू ते तापलेलं भांडं होतं. पुन्हा बुडबुडबुड. मागे तोकुजी कोरडा.

नाव धक्क्याला लागली. गेंझो टॉवेलाआडूनच बोलले.

“पहिल्या फेरीतला माणूस बैल आहे. माझं बूड दोनदा फळीवरून सुटलं.” कुठंतरी कुणीतरी हसू दाबलं. “दुसऱ्या फेरीत मला कंटाळा आला. काही घडतच नव्हतं. ढोलाला नाव ओढावी लागत नव्हती, नावच ढोलाला नेत होती.” ते थांबले. “दुसरी.”

टॉवेल काढायला त्यांना वेळ लागला, गाठ ओली होऊन बसली होती. सुटला तेव्हा त्यांनी मान वळवली. पाचव्या डाव्या जागेवर त्यांची सून बसली होती. दोन्ही हातांत वल्हं, नाकावरून घाम टपटपतोय.

“तू होतीस?”

“हो.”

“मग थाळी का नाही वाजली?”

“वाजवणारे तुम्हीच होता ना!” तोकुजी ओरडला, आणि मग धक्का फुटला. म्हाताऱ्या हसल्या, पोरं पाण्यात पडली, शिगेकी सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि कपाळावर हात मारत म्हणाला, “मेहुणे, मी आलो कशाला?”

“वड्या आणायला,” तोकुजी म्हणाला. “चल, जेव आता.”

गेंझोंनी थाळी उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि एकदा हलकेच, उलट्या बोटानं वाजवली. टुण्. “ही चुकीची नव्हे,” ते ढोलाकडे बघत पुटपुटले, “अशीच.”

०

शर्यतीला पाचही नावा ओळीत लागल्या तेव्हा ताकेउराच्या लोकांनी विचारलं, “काय रे, आज बाळ कुठं ठेवलंत?” तोकुजी म्हणाला, “झोपलंय. उठवू नका.”

ताकेउरा पहिली आली. ती दरवर्षी येते. दुसरी हिराउरा. इसोनो आणि शेजारची नाव शेवटच्या पन्नास हातांत नाकाडाला नाकाड लावून होत्या. शेजारच्यांनी घाई केली. पाणी उडालं, ढोल तुटला, कुणीतरी शिवी हासडली. इसोनोच्या नावेत काहीच घडत नव्हतं. गेंझोंना पुन्हा कंटाळा आला. इसोनो तिसरी.

तीन हिरवे खडक, पहिल्या तिघांना. इसोनोला गायपाठ मिळाला, सगळ्यांत लांबचा, ओहोटीला दोन तासच उघडा पडणारा. गायपाठच तर गायपाठ.

दुसऱ्या सकाळी सोसायटीचा भोंगा वाजला आणि चौदा घरं पाण्यात उतरली. मिसाओच्या कमरेला दोर, दोराला टोपली. पाणी छातीपर्यंत, खाली खडकावर लाल शेवाळ केसांसारखं हलत होतं. मूठभर धरायचं, पिळायचं, उपटायचं, टोपलीत. बोटांची सालं निघाली. काठावर कुनिओ डाव्या हातानं भरलेल्या टोपल्या ओढून घेत होता आणि प्रत्येक टोपलीला बसलेल्या घशानं “ऊऊऊ” करत होता. तोकुजीची बायको खडकाच्या पलीकडून ओरडली, “अगं, त्यांना आता बंद कर की!”

“बटण सापडत नाही!” मिसाओ म्हणाली आणि परत वाकली.

गेंझो ट्रकमध्ये पहिल्या टोपल्या भरून निघाले होते. खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “मिसाओ, दुपारी जेवायला थांबू नको. मी भाताचे गोळे करून आणतो.” पंचेचाळीस वर्षांत त्यांनी भात केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कुनिओचं ऊऊऊ मध्येच तुटलं.

मिसाओ नऊ वर्षांची असताना खेळता खेळता तिचा हात वाळूवर उलट्या ठेवलेल्या शर्यतीच्या नावेला लागला होता, आणि मुलीचा हात लागला म्हणून गेंझोंनी ती नाव समुद्राच्या पाण्यानं तीनदा धुतली होती.